पाणी गेलं खरं, पण परत कुठून येतंय?

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या हॅमर कोरलची (प्रवाळाची एक जात) एक बाजू पांढरी पडायला लागली तेव्हा मी आधी पाण्याच्या चाचण्या केल्या. अल्कलिनिटी ठीक, कॅल्शियम ठीक, नायट्रेट नेहमीइतकंच. मग लाइटवर संशय घेतला. मग एका गरीब खेकड्यावर. रात्री तो त्या बाजूला फिरताना दिसला, एवढाच त्याचा गुन्हा. चार दिवसांनी पॉवरहेड, म्हणजे टँकमध्ये पाणी हलवणारा छोटा पंप, साफ करायला म्हणून बंद केला आणि डोक्यात प्रकाश पडला. पांढरी पडलेली बाजू नेमकी त्याच्या तोंडासमोर होती, वीतभर अंतरावर. झोताच्या माऱ्याने कोरलचा मऊ भाग सांगाड्यावरून सोलून निघाला होता. त्याच दगडाच्या मागे हात घातला तर बोटभर गाळ आणि वर तांबडी, बुळबुळीत साय. पुढून मार, मागे डबकं, मध्ये एक दगड.

तोवर मला वाटायचं फ्लो, म्हणजे टँकमधला पाण्याचा प्रवाह, हा पंपाच्या खोक्यावरचा आकडा. ताशी इतके लिटर, मोठा पंप आणला की झालं. पुढचं सगळं त्या समजुतीतून बाहेर पडताना शिकलेले आहे, बरंचसं चुकून.

आधी हे सगळं कशासाठी, ते थोडक्यात. कोरल जागचं उठून कुठे जात नाही. त्याला लागणारा प्राणवायू, क्षार, अन्नाचे कण पाण्यानेच आणून द्यायचे आणि त्याने टाकलेला चिकटा, कचरा पाण्यानेच न्यायचा. अडचण अशी की कुठल्याही पृष्ठभागाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो आणि सगळी देवाणघेवाण त्या थरातून रांगत होते. पाणी जोरात हललं की तो थर पातळ होतो, थांबलं की जाड. म्हणून चाचण्यांचे आकडे अगदी पुस्तकी असले तरी साचलेल्या कोपऱ्यातलं कोरल उपाशी आणि गुदमरलेलं राहू शकतं. भर उजेडात उलटी गंमत होते. कोरलच्या पेशींत राहणारी शैवालं इतका प्राणवायू तयार करतात की तो बाहेर वाहून न्यायलाही हलतं पाणी लागतं.

आता हिशेब. माझा टँक १२० सेंटीमीटर लांब, ५० रुंद, ५० उंच. गुणाकार ३०० लिटरचा येतो, पण वरची मोकळी जागा आणि दगड वजा केले की खरं पाणी साधारण २४० लिटर. मऊ कोरलांच्या टँकमध्ये तासाला एकूण पाण्याच्या १० ते २० पट पाणी फिरावं, मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे कोरलचा एकेक मऊ, तोंड असलेला जीव) एलपीएस कोरलांना २० पटीच्या आसपास, आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपच्या एसपीएस कोरलांना ४० पट किंवा त्याहून जास्त, असा ढोबळ अंदाज कोरल पाळणारे बरेच जण धरतात. माझ्याकडे एलपीएस जास्त, म्हणजे २४० गुणिले २०, ताशी ४,८०० लिटर. मी ताशी ४,००० लिटरचे दोन वेव्हमेकर (टँकच्या आत पाणी ढकलणारे पंप) घेतले आणि दोन्ही दाबून चालवत नाही. पूर्ण ताकदीवर कायम धावणाऱ्या एका पंपापेक्षा साठ टक्क्यांवर चालणारे दोन कधीही बरे. आवाज कमी, एक बंद पडला तरी दुसरा आहे, आणि दिशा बदलायची सोय.

या हिशेबात संपमधून, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर आणणारा रिटर्न पंप मी धरत नाही. त्याचं काम पाणी स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि हीटरपर्यंत नेऊन आणायचं, कोरल हलवायचं नाही. शिवाय त्याच्या खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर न चढवता मोजलेला असतो. मीटरभर उंची, दोन कोपर, एक वळलेला पाइप, यात तो बराच खाली येतो. खरा आकडा हवा असेल तर नॉझलखाली बादली धरा आणि घड्याळ लावा. माझी १० लिटरची बादली ३० सेकंदांत भरते, म्हणजे ताशी १,२०० लिटर, पाण्याच्या पाचपट. संपसाठी पुरे.

लिटरचा आकडा दुकानात जाण्यापुरता ठीक आहे. टँकमध्ये तो फसवतो, कारण पाणी किती हे तो सांगतो, कुठल्या वेगाने हे सांगत नाही. तेच पाणी दोन सेंटीमीटरच्या तोंडातून सोडलं आणि आठ सेंटीमीटरच्या तोंडातून सोडलं तर पहिल्याचा वेग सोळापट असतो. अरुंद तोंडाचे जुने पॉवरहेड असेच पिचकारी मारतात. समोरचं कोरल सोलतं आणि दोन हातांवरच्या पाण्याला पत्ता नसतो. पंख्याचे वेव्हमेकर रुंद तोंडाने, सावकाश, पण भरपूर पाणी ढकलतात. लांब नळकांड्याचे आडवे गायर पंप पाण्याची पातळ चादर सोडतात, काचेला लागून जाणारी. माझं स्पष्ट मत असं की नव्याने घेणाऱ्याने पिचकारीवाला पॉवरहेड कोरलांसाठी घेऊच नये. मीठ कालवायच्या पिंपात मात्र तो उत्तम.

माझा पहिला घोळ पंप लावण्यात होता. डाव्या काचेवर एक, उजव्या काचेवर एक, दोघांची तोंडं समोरासमोर. दिसायला फार भारी. मध्यभागी पाणी नुसतं उसळायचं. एका संध्याकाळी बाबा खुर्ची ओढून टँकसमोर बसले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी तिकडे गेलं खरं, पण परत कुठून येतंय?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते परत येतच नव्हतं. दोन्ही झोत मध्ये आपटून एकमेकांची ताकद खात होते. वरच्या मध्यावर गोंधळ, तळाशी शांतता, दगडांमागे डबकं. डाव्या पंपाने घुसळलेलं पाणी तिथल्या तिथेच घुसळलं जात होतं.

पाण्याला जायला वाट लागते तशी यायलाही लागते. टँकच्या एका टोकाला, पृष्ठभागापासून थोडं खाली पंप लावला आणि त्याच्यासमोर लांबवर काही अडथळा ठेवला नाही, तर पाणी वरच्या वर पलीकडच्या काचेपर्यंत जातं, काचेवर वळून खाली उतरतं आणि तळाने परत येतं. सगळं पाणी मिळून एका मोठ्या चक्रात फिरायला लागतं. सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात फारसं काही दिसत नाही. पाण्याला गती धरायला वेळ लागतो. मग हळूहळू तळाचं कोरलही डुलायला लागतं, ज्याच्याकडे पंपाचं तोंडसुद्धा नाही. त्याच वॉटमध्ये तिप्पट काम झाल्यासारखं वाटतं.

आता माझे दोन पंप दोन टोकांना आहेत, पण पाळीने चालतात. सहा तास डावा मुख्य आणि उजवा जेमतेम वीस टक्क्यांवर, पुढचे सहा तास उलट. भरती-ओहोटीही साधारण सहा तासांनीच वळते. दिशा बदलली की कालची आडोशाची बाजू आज तोंडावर येते आणि जिथे गाळ बसायला लागला होता तिथून तो उठतो. मुख्य पंपाचा जोरही मी एकसारखा ठेवत नाही, तो पन्नास ते सत्तर टक्क्यांत वरखाली होत राहतो. कंट्रोलर नसेल तर दोन साधे टायमर पुरतात. फक्त त्यांच्या वेळा एकमेकींवर पंधरा मिनिटं चढवून ठेवा, म्हणजे दोन्ही पंप एकदम बंद अशी वेळ येणार नाही. समोरासमोरची टक्कर अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. एसपीएसच्या टँकमध्ये फांद्यांच्या वर मुद्दाम असा गोंधळ घडवतात, कारण त्या कोरलांना सगळीकडून, बेभरवशाचा मारा हवा असतो. पण तिथे पंपही जास्त असतात.

पण पंपांआधी दगड. दगड भिंतीसारखे मागच्या काचेला टेकवून रचले असतील तर कुठलाही पंप तुम्हाला वाचवणार नाही. मी एक अख्खी सुट्टी घालवून सगळी रचना उपसली. आता मागच्या काचेपासून दहा सेंटीमीटर मोकळे आहेत, म्हणजे काच घासायचा चुंबकही फिरतो. खालचे मोठे दगड सपाट न ठेवता तीन पायांवर उभे केले, त्यामुळे त्यांच्याखालून पाणी जातं. मध्ये एक आरपार बोगदा आहे. एकाऐवजी दोन बेटं केली आणि मध्ये गल्ली सोडली. दगड कमी झाले, पण डबकी गेली.

फ्लो बघायचा कसा? पाणी दिसत नाही, पाण्यातलं काहीतरी दिसतं. बाहेरून काचेवर ३० सेंटीमीटर अंतरावर चिकटपट्टीच्या दोन खुणा करा. फ्रोझन ब्राइन श्रिंपचा (माशांचं गोठवलेलं खाणं) एक चौकोन वितळवून त्यातलं चमचाभर पाणी पंपाच्या मागच्या बाजूने सोडा. खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च काचेच्या कडेने आत मारा, समोरून नाही. समोरून मारला तर फक्त स्वतःचं तोंड दिसतं. कडेने मारल्यावर एकेक कण धुळीसारखा चमकतो. आता एका कणावर नजर ठेवा आणि दोन खुणांमधला वेळ मोजा. तीन सेकंद लागले तर वेग सेकंदाला दहा सेंटीमीटर, दीड सेकंद लागला तर वीस. माझ्या हॅमरपाशी मी पाच ते दहा ठेवते, वरच्या फांद्यांच्या कोरलांपाशी पंधरा-वीस. कण कुठे गोल गोल फिरतात आणि कुठे नुसते खाली बसतात तेही दिसतं. मी कागदावर टँकचा आयत काढून बसलेल्या जागी फुल्या मारल्या होत्या. नऊ आल्या. पंप बोटभर वर सरकवून जरा बाहेरच्या बाजूला वळवला, चार राहिल्या.

दुसरी परीक्षा रबरी फुग्याच्या लांब पिचकारीची. दगडांच्या खाचांत फुंकर मारा आणि उठलेला ढग कुठे जातो ते बघा. तो ओव्हरफ्लोकडे, म्हणजे पाणी संपमध्ये उतरतं त्या वाटेकडे, निघाला तर फिल्टर त्याचं बघून घेईल. एक गिरकी घेऊन त्याच खाचेत परत बसला तर तिथे पाणी पोचत नाही. तांबड्या सायनोच्या (शैवालासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंच्या) सायीलाही असल्या साचलेल्या जागा फार आवडतात. फ्लो हे तिचं एकमेव कारण नाही, अन्नद्रव्यांचं गणितही असतं. पण माझ्याकडे ती जिथे जिथे धरली होती त्या सगळ्या जागा कागदावरच्या फुल्याच निघाल्या.

शेवटचा शब्द कोरलचा. हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन यांचे पॉलिप वाऱ्यावरच्या शेतासारखे डुलले पाहिजेत: वाकले, सावरले, परत वाकले. एकाच बाजूला झोपून राहिले असतील तर झोत सरळ आहे आणि जास्त आहे. बाहेरच येत नसतील तर त्याहून जास्त. मशरूम कोरल आणि वाळूवर बसणारं ट्रॅकिफिलिया यांना जेमतेम झुळूक पुरते. मशरूमला जोर लागला तर ते दगड सोडून तरंगत निघून जातं आणि आठवड्याने भलत्याच कोपऱ्यात सापडतं. लेदर कोरल मधूनमधून मिटून अंगावर मेणासारखी कात धरतं. बरा फ्लो असेल तर ती काही दिवसांत उडून जाते, नसेल तर तशीच चिकटून खाली सडते. ॲक्रोपोराच्या फांद्यांच्या बेचक्यांत गाळ दिसला की पाणी कमी पडतंय.

कोरलांची मांडणी करताना प्रवाहाची खालची बाजूही बघा. टॉर्च आणि गॅलेक्सियासारखी कोरलं रात्री लांब, डंख मारणारे तंतू सोडतात, आणि ते प्रवाहाबरोबर लांबवर जातात. शेजारी वीतभर लांब आहे म्हणून मी निर्धास्त होते. प्रवाह त्याच्याकडेच जात होता हे सकाळी शेजाऱ्याच्या अंगावरचे डाग बघून कळलं.

पृष्ठभाग हलता हवा. वरचं पाणी गुळगुळीत असेल तर त्यावर तेलकट तवंग धरतो आणि हवेशी देवाणघेवाण मंदावते. रात्री टँकचे दिवे बंद झाले की प्रकाशसंश्लेषण थांबतं, पण श्वसन सगळ्यांचं चालूच राहतं, त्यामुळे प्राणवायू आणि पीएच रात्री उतरतात. म्हणून रात्री फ्लो कमी करायचा असेल तर तळाचा करा, पृष्ठभागाचा नको. रिटर्नची नॉझल थोडी वर वळवली की छताला उजेडाच्या लाटा दिसायला लागतात. मी तिथेच थांबते. त्यापुढे नेलं की पंप भोवरा करून हवा ओढतो आणि टँकभर बारीक बुडबुडे.

बऱ्याच कंट्रोलरवर लाटेचा मोड असतो. पंप ठरावीक लयीत चालू-बंद होतो आणि ती लय टँकच्या स्वतःच्या हेलकाव्याशी जुळली की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखं अख्खं पाणी झुलायला लागतं. माझ्या टँकला ती लय साधारण १.३ सेकंदांत सापडली. लांब टँकला जास्त वेळ लागतो, आखूडला कमी. दिसतं अप्रतिम. मी दहा मिनिटं बघितलं, स्टँडची करकर ऐकली आणि बंद केलं. पाणी दोन सेंटीमीटर वरखाली होत असेल तर वजन सतत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं, आणि ते काचेच्या सांध्यांना आणि स्टँडला सोसावं लागतं. वापरायचाच असेल तर अगदी हलका ठेवा. खऱ्या उधाणाचा नाद असलेल्यांसाठी वायकीकी ॲक्वेरियमच्या ब्रूस कार्लसन यांच्या नावाने ओळखली जाणारी सर्जची (एकदम उसळणाऱ्या लाटेची) युक्ती आहे: टँकच्या वर ठेवलेलं पिंप पंपाने सावकाश भरत राहायचं, भरलं की सायफन लागून सगळं पाणी एका दमात टँकमध्ये कोसळतं. हलता भाग एकही नाही. आवाज आणि बुडबुडे मात्र संडासच्या फ्लशसारखे, त्यामुळे बैठकीच्या खोलीत मी नाही म्हणेन.

वाळू बारीक साखरेसारखी असेल तर जोरदार फ्लोमध्ये तिचे ढिगारे होतात आणि काचेचा तळ उघडा पडतो. पंप वळवून बघा, नाहीतर एक-दोन मिलिमीटरची जाड वाळू घ्या. मी वाळू बदलली, पंपाशी भांडत बसले नाही.

ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, जागा बदलू शकणारा मऊ प्राणी) असेल तर पंपाला जाळी हवी. अपवाद नाही. माझं ॲनिमोन आठ महिने एका जागी होतं, म्हणून मी जाळी लावली नव्हती. फ्लो बदलल्यावर ते जागा शोधत निघालं आणि रात्रीत पंपात गेलं. सकाळी पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंडं उघडतायत. अर्धं पाणी बदललं, कार्बन टाकला, स्किमर उपसत बसले. बाकीचे वाचले. फ्लोमध्ये काही बदल केला की ॲनिमोनचा पुढचा आठवडा संशयाने बघायचा.

वीज जाण्याची परीक्षा तुम्हीच घ्या, दिवसा, घरी असताना. सगळे पंप एकदम बंद करा. रिटर्नची नॉझल पाण्याखाली जितकी खोल, तितकं पाणी पाइपमधून उलटं संपमध्ये उतरतं. माझ्या टँकमध्ये तीन सेंटीमीटर म्हणजे जवळपास १८ लिटर. तेवढी जागा संपमध्ये रिकामी हवी. एकदिशा व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात एक शंख अडकला की तो उघडाच राहतो. पाण्याच्या पातळीच्या लगेच खाली पाइपला एक भोक पाडा. पाणी त्याच्याखाली उतरलं की हवा आत शिरते आणि सायफन तुटतो. ते भोक शैवालाने बुजतं, म्हणून महिन्यातून एकदा काडी घाला. वीज बराच वेळ जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप किंवा डीसी वेव्हमेकरला बॅटरी जोडून ठेवा. फिल्टर थांबलेला काही तास चालतो, भरलेल्या टँकमधलं थांबलेलं पाणी चालत नाही. आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं खारं पाणी झोळावरून गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, तर हवाच.

खायला घालताना वेव्हमेकर दहा मिनिटं बंद. नाहीतर निम्मं खाणं ओव्हरफ्लोतून जातं. परत सुरू करायला विसरू नये म्हणून मी चमचा टँकच्या झाकणावरच ठेवते. तो दिसला की आठवतं.

साफसफाई दर दोन-तीन महिन्यांनी. इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पंख्यावर) आणि आतल्या भिंतींवर चुन्याचा पांढरा आणि कोरलाइन शैवालाचा जांभळा थर चढतो. पंप इतका हळूहळू कमजोर होतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. बादलीत पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन पंप त्यातच दोन-तीन तास चालू ठेवा, फेसाळतं ते थांबू द्या. मग खोलून जुन्या टूथब्रशने घासा. सिरॅमिकचा दांडा काढताना जपून, तो वाकत नाही, तुटतो. रबरी बुशिंग दोन असतात. एक नेहमी बेसिनमध्ये जातं, म्हणून आधी जाळीला बोळा लावा. साध्या पाण्यात पाच मिनिटं चालवून व्हिनेगर जाऊ द्या.

परत लावताना कंट्रोलरचा आकडा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली आणा, कारण गेले दोन महिने तुम्ही थर चढलेल्या पंपाच्या हिशेबाने तो वाढवत आला आहात. मी पहिल्या वेळी आणला नव्हता. हॅमरच्या वाचलेल्या बाजूसमोर वाळूचा वीतभर ढीग झाला आणि सगळे पॉलिप दुपारपर्यंत आत. आता आधी पन्नासवर सुरू करते, अर्धा तास थांबते, टॉर्च घेते आणि कण मोजत वर नेते.